तुझा आवाज फार स्वच्छ येतो

"निशिगंधा, जागा तूच शोध. तुझी यादी नेहमी नीट असते," मॅडम म्हणाल्या, आणि स्क्रीनवरच्या दहाच्या दहा चौकटींतून अंगठे वर आले.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आमची कंपनी ऑनलाइन गाद्या विकते. गादी टोचते, गादी वास मारते, गादी दारातून आत जात नाही, असल्या तक्रारी मी दिवसभर फोनवर ऐकते, तेही घरी बसून. त्यात आता समुद्र शोधायचा. दोन हजार तेवीसचा जानेवारी होता आणि बाकीची टीम राहते त्या पुण्यात म्हणे थंडी फार पडली होती. म्हणून सगळ्या टीमनं महिनाभर कुठल्यातरी उबदार किनाऱ्यावर एका घरात राहायचं, तिथूनच काम करायचं आणि संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायचं. याला कोलिव्हिंग म्हणतात, असं मॅडमनी मला समजावून सांगितलं. मी जन्मापासून तेच करत होते, फक्त त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं.

यवतमाळकडच्या बोरी अरबला आमचं घर तीन खोल्यांचं. त्यातल्या माझ्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला होता, जमिनीपासून आढ्यापर्यंत. खिडकीपाशी बाबांनी टेबल-खुर्चीपुरती जागा सोडली होती. तिथं मी अंग चोरून बसायची. मानेला, कोपरांना सतत खाज. खोलीत उदबत्ती नाही, मच्छर अगरबत्ती नाही. लॅपटॉपचा चार्जरसुद्धा लावायचा नाही, ठिणगी उडाली तर काय घ्या. बॅटरी उतरली की मी लॅपटॉप घेऊन चुलीपाशी पळायची आणि पोळ्या लाटणाऱ्या आईशेजारी बसून लोकांच्या गाद्यांची चौकशी करायची.

आमच्यावर कर्ज नव्हतं, हे आधीच सांगते, कारण यवतमाळ म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात. आमच्या घरात होता तो हट्ट. आदल्या वर्षी बाबांनी दिवाळीतच कापूस विकला आणि मग भाव असा चढला की पानठेल्यावर लोक त्यांना 'भगवानराव घाईवाले' म्हणायला लागले. या वर्षी भाव पडला तर बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, गेल्या सालचा भाव आल्याशिवाय बोंडभर विकणार नाही. भाव काही येत नव्हता. कापूस काही जात नव्हता. आणि मी मध्ये खाजवत बसले होते.

तर मी समुद्र शोधला. आणि चिडचिड करत का होईना, मन लावून शोधला. गोवा पाहिलं, गोकर्ण पाहिलं, अलिबाग पाहिलं. शेवटी मालवणच्या पुढे एक घर सापडलं. नारळाची झाडं, दारात वाळू, बारा खाटा. आम्ही मॅडमना धरून बारा. घरमालकाला मी फोन करून प्रत्येक खोलीत जाऊन नेट किती पळतं ते बघायला लावलं. मग विचारलं, खोल्यांना दारं आहेत का, आणि आतून कडी लागते का. तो हसला. म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याला काय कळणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बावीस तारखेला सगळ्यांनी मालवणलाच मत दिलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणार हे ठरलं.

आईनं पोरं-पोरी एका घरात म्हटल्यावर तोंड वाकडं केलं. बाबा मात्र तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून, दारव्ह्याहून, चाकांची निळी बॅग घेऊन आले. समुद्राचं पाणी खारं असतं ना, मग शेतीला काय कामाचं, एवढंच त्यांनी विचारलं. पानठेल्यावर मात्र सांगून आले की पोरीला कंपनी समुद्रावर नेते.

निघायला आठ दिवस होते तेव्हा लॅपटॉपवर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आधी माझ्या यादीचं भरपूर कौतुक केलं. मग म्हणाल्या की योग शिकवणारी एक मैत्रीण सोबत येते आहे, त्यामुळे एक खाट कमी पडते. शिवाय तक्रारींचे फोन कुणीतरी घ्यायलाच हवेत, आणि किनाऱ्यावर गोंगाट असणार.

"तुझ्याकडे किती शांतता असते गं. सगळ्यांत तुझाच आवाज फार स्वच्छ येतो. तू घरूनच सांभाळ ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे कोंबडे आरवतात, समोर पिठाची गिरणी घरघरते, आणि आवाज स्वच्छ का येतो ते मला ठाऊक होतं. मागचं सगळं धूसर करणारी कॅमेऱ्याची सोय मी बंद केली आणि लॅपटॉप हातात धरून खोलीभर फिरवला.

"ही शांतता कापसाची आहे, मॅडम. आवाज तो गिळतो, आणि मलाही. मला खोली नाही. माझ्या वडिलांच्या हट्टात मी दिवाळीपासून राहते आहे. म्हणून दारं मोजून मी ते घर शोधलं, आणि त्यातली माझीच खाट तुम्ही दुसरीला दिली."

मॅडम स्क्रीनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, बॅकग्राउंड किती सुंदर आहे, आणि पुढच्या वर्षी नक्की. मी कॉल बंद करून बाहेर आले तर ओसरीवर बाबा पायांत चपला घालत होते. दार उघडंच होतं; त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी रागात होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावरही होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी बॅग परत द्यायला दारव्ह्याला गेले. दुकानदारानं ती घेतली नाही. जीपमध्ये रिकामी बॅग मांडीवर घेऊन मी परत आले. आमच्या गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले होते.

खोली रिकामी होती. झाडलेली होती. माझं टेबल बरोबर मधोमध मांडलं होतं, आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बाबांनी स्वतः माझा चार्जर लावून ठेवला होता.

"इकला?" मी विचारलं.

"इकला. पूनमसिंग व्यापाऱ्याची मेटॅडोर आल्ती."

"भाव?"

"हाये तोच."

"तुमाले कोनं सांगतलं होतं, बाबा? मी रागानं बोलली होती."

"रागानं बोलली, पन खोटं नाई बोलली," बाबा म्हणाले. "बस आता. घर तुयंच हाये."

मी त्यांच्यावर ओरडले. पानठेल्यावर आता लोक काय म्हणतील, असंही म्हणाले. ते गोठ्याकडे गेले. त्या संध्याकाळी ते पानठेल्यावर गेले नाहीत, त्या आठवड्यातही नाहीत.

टीम मालवणला पोहोचली त्या सोमवारी मीटिंग होती. सगळे एका लांब बाकावर बसले होते आणि मागं ते निळं पाणी, मी शोधलेलं. मी तक्रारींचा आकडा सांगायला तोंड उघडलं तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"निशिगंधा, तुझा आवाज घुमतोय," मॅडम म्हणाल्या. "काहीच कळत नाही. जरा कर ना काहीतरी."

रिकामी खोली, पत्र्याचं छप्पर, उघड्या भिंती. काय करणार होते मी? दारात बाबा होते. त्यांनी ऐकलं. ते मधल्या खोलीत गेले आणि आईची जाड गोधडी घेऊन आले. माझ्यासमोर, लॅपटॉपच्या मागं, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी ती गोधडी डोक्याच्याही वर ताणून धरली. चेहरा दिसेना, खाली फक्त धोतराचा काठ आणि पाय दिसत होते. मी हातानं नको म्हटलं. त्यांना ते दिसणारच नव्हतं.

"हां, आता बरंय," मॅडम म्हणाल्या. "काय लावलंस?"

"काही लावलं नाही. माझे वडील उभे आहेत."

बाकावरचं कुणीतरी म्हणालं, सो स्वीट, आणि जेवायला आज सुरमई की बांगडा यावर बोलणं सुरू झालं. मीटिंग पाऊण तास चालली. गोधडी दोनदा थोडी खाली आली आणि दोन्ही वेळा परत वर गेली.