शिफारशीचा रकाना

आमच्या शाळेत इंग्रजीचे तीन वर्ग आहेत. कागदावर त्यांची नावं भारदस्त: पायाभूत, सामान्य आणि प्रगत. पोरं त्यांना खालचा, मधला आणि वरचा म्हणतात, आणि पोरांचं बरोबर आहे. वरचा वर्ग शिकवणारे सर टाय लावून येतात आणि स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची त्यांची. खालचा वर्ग माझा, गेली एकोणीस वर्षं. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ज्यांना घाम फुटतो ती पोरं माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना कधी ओरडून, कधी हसवून मार्गाला लावते. मला तोंड आहे, नाही कशाला म्हणू? पण माझ्या हाताखालून गेलेलं पोर साधा अर्ज लिहिताना कुणाच्या तोंडाकडे बघत बसत नाही, हेही खरं.

ही स्वतःची टिमकी वाजवत नाहीये मी. पुढचं ऐकून तुम्ही मला नावं ठेवणारच आहात, म्हणून आधी एवढं कानावर घातलं.

वर्ष संपत आलं की प्रत्येक मुलाला एक फॉर्म मिळतो. पुढच्या वर्षी इंग्रजीचा कुठला वर्ग हवा तिथे मुलानं खूण करायची, खाली पालकांनी सही करायची. तळाशी एक रकाना असतो, शिक्षकांच्या शिफारशीचा. तो मी भरते. मुलाची खूण आणि माझी शिफारस जुळली नाही तर ऑफिसात माझा शब्द धरतात.

गेल्या वर्षी फॉर्म वाटायच्या आधी हेडसरांनी मला बोलावून घेतलं. हेडसर माणूस चांगला, पण अवघड काही सांगायचं असलं की चष्मा पुसायला घेतो. त्या दिवशी ते पाच मिनिटं चष्माच पुसत होते. नवा नियम आला होता. तुकडीत पंधरा मुलं नसतील तर वर्ग बंद, आणि उरलेली मुलं मधल्या वर्गात. मधल्या वर्गात आधीच अडतीस. मी विचारलं, तिथे माझ्या पोरांचं काय होणार? ते म्हणाले, होईल सगळं हळूहळू. काय होईल ते मला ठाऊक होतं. शेवटच्या बाकावर मूग गिळून बसतील आणि वर्ष संपायची वाट बघतील. मला ते ग्रंथालयात टाकणार होते, म्हणजे फडकं घेऊन पुस्तकांची धूळ झटकायला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू?

वर्गात तेव्हा सोळा मुलं होती. त्यांतली दोन मधल्या वर्गात जायच्या लायकीची झाली होती. दोन्ही गेली असती तर राहिली चौदा. एक राहिलं तर पंधरा.

त्या दोघांतला एक वकिलाचा मुलगा. त्याला अडवला असता तर वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन हेडसरांच्या टेबलासमोर बसले असते. दुसरी मुंगी. अक्षर इतकं बारीक आणि ओळीत चालणारं की सगळा वर्ग तिला मुंगी म्हणायचा, आणि मीही. तिचे वडील शिंपी. बाजारातल्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान, मागच्या खोलीत घर. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोट सैल करायचे. ते शाळेत यायचे ते दारात चपला काढून, आणि मी काहीही म्हटलं की त्यांचं उत्तर एकच, बाई, तुम्ही म्हणाल ते.

मी मुंगीला निवडलं. तुम्ही म्हणाल ते, असं म्हणणाऱ्या माणसाची मुलगी होती म्हणून निवडलं. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं नव्हतं. तेव्हा मी चौदा पोरांचं भलं वगैरे पुष्कळ काही सांगितलं.

तिनं मधल्या वर्गावर खूण केली होती. रकान्यात मी लिहिलं, पायाभूत, आणखी एक वर्ष. निकालानंतर ती एकदाच माझ्याकडे आली आणि हळूच विचारलं, बाई, मी अजून कच्ची आहे का? मी म्हटलं, घाई काय आहे, पाया पक्का होऊ दे. ती बरं म्हणाली आणि गेली.

मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी हिला सरळ वर काढायची. एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय? पण हे दुसरं वर्ष विचित्र गेलं. पहिल्या वर्षी मी प्रश्न विचारून संपायच्या आत जिचा हात वर असायचा, ती आता नाव घेतल्याशिवाय बोलेना. सगळ्यांच्या आधी वही देणारी पोर सगळ्यांच्या शेवटी देऊ लागली. खोडरबरानं पानं विरली होती. मला वाटलं, वय आहे, पोरी या वयात अबोल होतात. माणसाला सोयीचं तेच सुचतं.

ते वर्ष संपायच्या महिनाभर आधी मी वर्गाला पुढे काय व्हायचं यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. मुंगीनं पानभर लिहिलं. तिला औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायचं होतं. डॉक्टरांचं अक्षर वाचायचं, बाटलीवर नीट लेबल लावायचं, म्हाताऱ्या माणसाला गोळी केव्हा घ्यायची ते दोनदा सांगायचं. मी हौसेनं त्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक काढून आणलं आणि वाचता वाचता एका ओळीवर थांबले. प्रवेशाला इंग्रजीचा मधला वर्ग सलग दोन वर्षं हवा. शाळेची उरली होती बरोबर दोनच वर्षं. ती आत्ता मधल्या वर्गात गेली तर गाडी चुकत नव्हती. आणखी एक वर्ष खाली राहिली तर तो काउंटर कायमचा बंद.

जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, वेळेत लक्षात आलं. मग या वर्षीचा तिचा फॉर्म हातात आला. तिनं स्वतःच्या हातानं पायाभूतवर खूण केली होती, खाली वडिलांची सही. मी तिला थांबवून विचारलं तर म्हणाली, मधला मला झेपणार नाही. माहितीपत्रक दाखवलं. ते तिनं आधीच वाचलेलं होतं. काउंटरचं आपलं असंच लिहिलं होतं, म्हणाली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शिफारस बदल आणि गप्प बस, कशाला उगाच चव्हाट्यावर आणतेस? पण नुसती शिफारस बदलून भागणार नव्हतं. पोर मनानं खचलेली, तिला वर ढकलून काय उपयोग? शनिवारी शाळा सुटल्यावर मी थेट त्या गल्लीत गेले.

टेलर मास्तर मशीनवर होते. त्यांनी घाईघाईनं स्टुलावरचे कपडे उचलले, ते आपल्या शर्टानं पुसलं आणि मला बसवलं. आत हाक मारली, बाई आल्यात. मुंगीची आई बटणांचा डबा मांडीवर घेऊन दारात बसली, मुंगी तिच्या मागे उभी राहिली. मी वाटेत बरंच घोकून आले होते. तिथे ते सगळं विसरले आणि एका दमात बोलून टाकलं.

"मास्तर, तुमची मुलगी गेल्या वर्षीच मधल्या वर्गात जायला हवी होती. मी तिला मुद्दाम अडवली. माझा वर्ग टिकायला एक नाव कमी पडत होतं, म्हणून अडवली."

मास्तर ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्याचीच तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि चक्क हसले.

"बाई, गिऱ्हाईकाचं पोट सुटलं तरी आम्ही म्हणतो कापड आटलं. माणसाला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही आमच्यासाठी तेच करताय, समजतंय मला."

मी परोपरीनं सांगितलं. नियम सांगितला, आकडे सांगितले, वकिलाच्या मुलाचं सांगितलं. जितकं सांगावं तितके त्यांचे डोळे भरून येत होते, की बाई आपल्या पोरीसाठी स्वतःवर केवढं किटाळ घेतायत. मला वाटलं आता या माणसाला गदागदा हलवावं.

तेवढ्यात मुंगी आत जाऊन एक कागद आणि एक वही घेऊन आली. कागद बघितला आणि मी पाणी पाणी झाले. हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही. लाज वाटत होती. नुसत्या शिफारशीवर भागलं नसतं, कुणी विचारलं तर दाखवायला मार्क हवे होते. म्हणून गेल्या वर्षी तिच्या शेवटच्या निबंधाला मी शंभरपैकी एक्केचाळीस दिले होते. सकाळी सात वाजताची आमची गल्ली, हा विषय. वर्गातला सगळ्यात सुंदर निबंध होता तो. मी वर लाल शाईनं लिहिलं होतं, विचार विस्कळीत, पाया कच्चा.

वहीत तोच निबंध होता. पुन्हा पुन्हा लिहिलेला, प्रत्येक वेळी तारीख घालून.

"अकरा वेळा लिहिला, बाई," ती म्हणाली. "चूक कुठे आहे ते मला अजून सापडलं नाही."

मी म्हटलं, अगं नाहीच आहे चूक. एकही नाही. मी खोटे मार्क दिले.

"तुम्ही उगाच एक्केचाळीस देणार नाही," ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावून सांगावं तशी. "आणि ज्याला स्वतःची चूकही सापडत नाही, त्याच्या हातात औषधं कोण देईल?"

मी पर्समधून लाल पेन काढलं. एक्केचाळीसवर काट मारली आणि शहाऐंशी लिहिलं, खाली सही केली. लिहिताना माझं मलाच कळत होतं की आता मी कुठलाही आकडा लिहिला तरी तो दयेचाच दिसणार. मुंगीच्या आईनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मला रडू आवरेना, आणि माझ्या रडण्यानं त्यांची आणखीच खात्री पटली.

सोमवारी मी रकान्यात सामान्य लिहिलं आणि फॉर्म घेऊन हेडसरांकडे गेले. त्यांनाही सगळं सांगितलं. तुकडी चौदाची होईल, वर्ग बंद करा, मला ग्रंथालयात टाका, म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. झालं ते झालं, म्हणाले, हे कुठे लेखी देऊ नका. पण शिफारस त्यांनी ठेवून घेतली.

शिफारशीच्या विरोधात जायचा एकच मार्ग असतो. पालकांनी लेखी हरकत घ्यायची. मग शिक्षकाचा शब्द मागे पडतो. दरवर्षी दोनचार हरकती येतात, सगळ्या पोराला वर चढवा म्हणणाऱ्या. शुक्रवारी शेवटच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपाशी मला टेलर मास्तर दिसले. चपला हातात, शर्टाला इस्त्री. माझ्याकडे त्यांना बघवत नव्हतं.

"माफ करा, बाई. पहिल्यांदाच तुमचा शब्द मोडतोय. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. मधल्या वर्गात चारचौघांत हसं होईल म्हणते."

मी त्यांचा हात धरला. तिथे मी जे तोंड सोडलं ते ऐकून क्लार्क खिडकीतून बाहेर वाकला. मास्तर, हा कागद देऊ नका. तिला जेवू नका घालू, रडू दे, पण हा कागद देऊ नका. तिचं आयुष्य आहे हे. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हळूच हात सोडवला आणि कागद आत सरकवला. क्लार्कनं शिक्का मारला. कारणाच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, बाईंचं मन मोठं आहे, पण आमची मुलगी कच्ची आहे.

हेडसरांनी दुपारी निरोप पाठवला की तुकडी पंधराची झाली, वर्ग चालू राहील, अभिनंदन.

नवं वर्ष सुरू होऊन तीन आठवडे झाले. मुंगी पहिल्या बाकावर बसते. मी तिला मधल्या वर्गाचं पुस्तक आणून दिलं आहे आणि शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेते. ती येते, नाही म्हणत नाही. हेडसरांकडे मी रोज जाते, तिला मधल्या वर्गाच्या परीक्षेला बाहेरून बसवा म्हणून. तेही नाही म्हणत नाहीत, चष्मा पुसतात. एकेक वाक्य लिहून झालं की मुंगी वही माझ्यापुढे धरते आणि विचारते, बरोबर आहे का? बरोबर असतं. मी बरोबर म्हणते. ती मान डोलावते, जागेवर जाऊन बसते आणि ते वाक्य खोडते.