सगळ्या फोटोंचं एकच वजन

सभागृहात फोटोग्राफर मंडळी एकमेकांना खेटून बसली होती. मंचावर घडीबाबा, पुढ्यात तारा जोडलेला त्यांचा यंत्राचा काळा डबा, मागे पडदा.

"कॅमेऱ्यातली रॉ फाइल, फोटोची कच्ची मूळ प्रत, म्हणजे अख्खा कापडाचा तागा," बाबा म्हणाले. "मी त्याची राईएवढी घडी करतो, एक धागाही जात नाही. पण मोह सोडा! घडी झाली की मूळ आपल्या हातानं पुसा, परत मिळू नये म्हणून डिस्कवर वरून शून्यं भरा. मूळ उरलं तर घडी सुटते!"

पडद्यावर एका लग्नाच्या फोटोची घडी उलगडली. एकानं नवरीची पापणी चौपट मोठी करून पाहिली. केसन् केस जागेवर. टाळ्या पडल्या. आमच्या धंद्याची ही खोडच आहे. पापणी सगळ्यांनी तपासली, ती आली कुठून हे एकानंही विचारलं नाही.

माझं लक्ष मात्र शेजारी बसलेल्या वहिनीकडे होतं. दादा जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या मांडीवरच्या पिशवीत त्याच्या फोटोंच्या अकरा हार्ड डिस्क होत्या.

"बाराव्या डिस्कची सकाळीच घडी करून घेतली आणि डिस्क पुसली," ती म्हणाली. "कपाटात पडून बंद पडतायत रे एकेक. निदान अशा तरी राहतील."

माझी धाकटी बहीण शाळेत गणित शिकवते. ती ताडकन उठून मंचावर गेली.

"बाबा, माझे दोन फोटो घ्या. एक कोऱ्या आभाळाचा, एक बाजारातल्या गर्दीचा."

बाबांनी घड्या केल्या. पडद्यावर दोन्ही घड्यांचं वजन, म्हणजे फाइलचा आकार, अगदी सारखं दिसलं.

"दोन्हींचं वजन एकच कसं?"

"कृपा!"

"कृपा कसली? आभाळात शेजारचा ठिपका जवळजवळ तसाच असतो, म्हणून थोडक्यात लिहून भागतं. गर्दीत प्रत्येक ठिपका वेगळा, तिथे घडी कमीच बसते. आणि काही न गमावता रॉ फाइल फार तर निम्मी होईल, राईएवढी कधीच नाही."

तिनं गर्दीची घडी स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊन उघडली. अक्षरं आली: मूळ फाइल सापडत नाही.

"ही घडी नाही, नुसती पावती आहे," ती म्हणाली. "सामानघरात ट्रंक ठेवल्यावर देतात ना, तशी. ट्रंक, म्हणजे मूळ फोटो, या डब्यात आहे. उघडा तो!"

बाबा हसले. "उघडतो की. पण डबा रागावला, तर आतलं सगळं जाईल."

पुढच्या रांगा उठल्या, पण बाबांवर नाही, बहिणीवर चालून गेल्या. "बाई, डब्यावरचा हात काढा!" ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं ते काका तर रडतच होते.

"लबाड आहे, कळलं गं! पण माझी तीस वर्षं आहेत आत. बाबाला दुखवू नकोस."

लबाडी उघडी पडली, तरी आतले फोटो जाऊ नयेत म्हणून त्याच लोकांनी डबा अलगद उचलून बाबांच्या गाडीत नेऊन ठेवला. गाडी गेली. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"काय होतं गं बाराव्या डिस्कवर?" बहिणीनं विचारलं.

"लेकीची पहिली दोन वर्षं," वहिनी म्हणाली. "आणि यांचा आवाज असलेलं एकच चित्रीकरण."

वाचकहो, चमत्कार दिसला तर तो करणाऱ्याच्या यंत्रावर तपासू नका, आपल्या यंत्रावर तपासा. आणि मूळ पुसायला सांगणाऱ्याला आधी दाराबाहेर काढा. पुसून झाल्यावर शहाणपण आलं, तरी तोंड उघडायची सोय राहत नाही.