कौसाबाईचे स्टिकर

अकाउंटंट म्हणजे महिन्यातून दोनदा येणारा, चहा पिऊन फाइल काखेत मारून जाणारा माणूस, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. उल्हासनगरात कॅम्प पाचमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात तसेच एक काका यायचे. आम्ही बटन लावणाऱ्या बायका जगलो की मेलो, हे त्यांच्या गावीही नसायचं. किती चांगला माणूस!

मग मुकेश शेठने माल ऑनलाइन विकायला काढला आणि हर्षदा आली. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगीतून स्कूटीवर येणारी, तिशीची. आधी नुसता टॅक्स बघायची. मग ऑर्डरी बघायला लागली. मग गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं, कुठला रंग बंद करायचा, कोणाचा कपडा घ्यायचा, कॅमेरे, हजेरी, सगळं तिच्याच टेबलावर. शेठ बाजारात निघाला तरी आधी तिच्या केबिनमध्ये डोकावून "मॅडम, लूं क्या?" विचारायचा. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तिचं तोंड बघितलं की माझं डोकं फिरायचं.

स्टिकर तिनेच आणले. प्रत्येकीला आपल्या नंबराची पट्टी दिली. बटन लावलं की आतल्या खिशाच्या कापडावर आपला स्टिकर चिकटवायचा. गिऱ्हाइकाने पँट परत पाठवली की मॅडम तो मशीनने वाचणार आणि काम कोणाचं ते कॉम्प्युटर सांगणार. वर रोजचे शंभर नग झालेच पाहिजेत. जिला जमत नाही तिने घरी बसावं. जिने आयुष्यात एक बटन दाबलं नाही, ती आम्हाला शंभर सांगत होती.

कौसाबाईचे सत्तर व्हायचे. ती जांभूळ गावची, साठीला टेकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. बुवापाड्यातून मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा बटनाच्या मशीनच्या पेडलवर पाय कसा मारायचा ते तिनेच मला शिकवलं. "दोनदा दाबाचा, दुरपदे," म्हणायची. "एकदा दाबलेला बटन टिकत नाय."

माझे एकशे तीस व्हायचे. वरच्या तिसांना मी तिचे स्टिकर लावायला लागले. कौसाबाई सकाळी गुपचूप पट्टी फाडून माझ्या डब्याखाली ठेवायची आणि संध्याकाळी काही न बोलता माझी बाटली भरून आणायची. चार महिने कोणाला पत्ता लागला नाही. आम्ही त्या मॅडमच्या कॉम्प्युटरला खुळ्यात काढलं होतं, आणि त्याचा मला फार आनंद होता.

परवा मॅडमने दारावर यादी लावली. बटन निघालं म्हणून परत आलेल्या पँटी: कौसाबाई एकेचाळीस. द्रौपदी दोन.

"ये बुढ़िया मेरा रेटिंग खा गई!" शेठ सगळ्यांदेखत ओरडला. "मॅडम, शाम तक इसको निकालो." कौसाबाईने मान खाली घातली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच उठले, चपला न घालता केबिनमध्ये घुसले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही, मॅडम!" मी म्हणाले. "आयुष्य गेलं बाईचं या बटनांत. तुमच्या कॉम्प्युटरला काय कळतंय?"

हर्षदा डबा खात होती. तिने घास संपवला.

"मग चोर कोण, द्रौपदीताई?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कॅमेऱ्यात माझं टेबल दिसत होतं, डब्याखालून पट्टी काढणारा माझा हात दिसत होता. मग तिने ते पुन्हा लावलं, हळू चालवून. माझ्या स्टिकरची पँट: पाय खाली, पाय खाली. कौसाबाईच्या स्टिकरची पँट: पाय खाली, आणि पुढची.

तिच्या तिसांवर मी एकदाच पाय मारत होते. दिवस संपत आलेला असायचा, पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या, आणि स्टिकर काही माझा नसायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पायाला ठाऊक होतं.

"शेठला मी अजून हे दाखवलेलं नाही," हर्षदा म्हणाली. "दाखवलं तर तुम्ही जाल. आणि तुमचे तीस काढले की त्यांचे सत्तरच उरतात, म्हणजे त्याही जातील. नाही दाखवलं तर त्या एकट्या जातील. संध्याकाळी मला नाव द्यायचंय. बोला, दाखवू?"

मला वाटलं, हिच्या झिंज्या धराव्यात. असा प्रश्न माणूस माणसाला विचारतो का? निदान शिव्या तरी द्यायच्या होत्या. मी आडवीतिडवी भांडले असते, रडले असते. तिने फक्त घड्याळाकडे बघितलं. माझी ऋतिका बारावीला आहे, घरात कमावणारी मी एकटी, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं, पण ती ते विचारतच नव्हती.

"नको," मी म्हणाले.

तिने खिडकी बंद केली, स्क्रीनवरची, आणि डबा पुन्हा पुढे ओढला.

कौसाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून भिंतीला धरून उठली.

"सांगलास काय गो तिला?" तिने हळूच विचारलं. "मी तुजा नाव नाय घेतला हां. इचारला तरी नाय घेतला."

"सांगितलं," मी म्हणाले. "सगळं सांगितलं. ऐकतच नाही. माणूस नाहीये ती, कौसाबाई."

"रांड मेली," कौसाबाई म्हणाली.

"मेली," मी म्हणाले.

मग तिने खरबरीत हाताने माझा गाल कुरवाळला. "एवऱ्या बायांत तू एकली बोललीस माज्यासाठी," ती म्हणाली, आणि उरलेली स्टिकरची पट्टी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. "मॅडमला दे. नायतर त्याचा पैसा पन माज्याच नावावर लावंल."