एका हाताचा धनी

थोरलीच्या हातातली कात्री थांबली ती आईच्या गाण्यानं.

खोलीभर जुन्या कोचांच्या गाद्या पसरल्या होत्या आणि काथ्याचा भुस्सा उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता. थोरली लोकांच्या खुर्च्या-कोचांना नवं कापड चढवून द्यायची. आई शेजारी बसून जुन्या कापडाची शिवण उसवायची आणि उसवता उसवता गायची. गाणं तिचं स्वतःचं. नव्या नवलाईच्या संसारात, उन्हाशी आणि उशीशी बोलत जुळवलेलं:

*एका हाताचा गं धनी, दुजा हात माझा बाई*
*दोन हातांच्या घरात, उणं कशाचं गं नाही*

थोरली या गाण्यावर वाढली होती. भाकरतुकडा पोटात गेला तसं ते तिच्या अंगात गेलं होतं. पण आज आईच्या तोंडून निघालं ते असं:

*मारक्या हाताचा धनी, सोसे पाठ माझी बाई*
*मारकुट्याच्या घरात, रडू ऐकू येत नाही*

"आई, हे काय गातेस?"

"काय म्हणजे? माझंच गाणं."

"तुझं नाही ते. नाटकातलं आहे. धाकट्यानं शब्द बदललेत."

"बदलतोय कशाला? झालं तेच लिहिलंय पोरानं." आईनं दातांनी दोरा तोडला. "मला मारलं होतं तुझ्या बाबांनी, त्या खिडकीपाशी. तू दाराआड उभी होतीस, फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून. विसरलीस?"

दाराआडची ती मुलगी थोरली नव्हतीच. ती धाकट्याच्या नाटकातली, दुसऱ्या अंकातली मुलगी होती.

"कुठल्या हातानं मारलं?"

आईनं उजवा हात खांद्यामागे नेला, पाची बोटं ताणून पसरली आणि सपकन खाली आणला. "असं."

बाबा छापखान्यात कामाला होते. लग्नाच्या आधीच त्यांचा उजवा पंजा यंत्रात सापडला होता. बोटं एकमेकांना चिकटली आणि त्यांची जन्माची मूठ झाली. त्या मुठीखाली ते कागद दाबून धरत आणि आईला म्हणत, "सरकार, हा आमचा वजनदार हात." थोरलीची वेणी घालायचे तेसुद्धा तेच. एक पेड डाव्या हातात, दुसरा मुठीखाली मानेवर दाबलेला, तिसरा दातांत. दातांत केस धरून ते आईचं गाणं गुणगुणायचे. शब्द फुटायचे नाहीत. नुसतं 'मं मं मं' मानेवर गरम गरम यायचं.

"आई, बाबांची मूठ उघडत तरी होती का गं?"

आई म्हणाली, "तेव्हा उघडत असेल," आणि पुढची शिवण धरली.

तिला काही चळ लागला नव्हता. दुकानदाराच्या काट्यावर अजून तिचीच नजर असायची. गल्लीत कोण कुणाची मेव्हणी, हे तिला विचारावं. सगळं शाबूत होतं. नवरा तेवढा कुणीतरी बदलून नेला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, ते थोरलीला ठाऊक होतं. बाबा गेले तेव्हा धाकटा रांगत होता. मोठा होऊन तो नाटकं लिहायला लागला, आणि एक लिहिलं ते 'आमच्या घरची गोष्ट' म्हणून. नाटक नुसतं चाललं नाही, धावलं. पहिल्या प्रयोगाला आई हसून हसून बेजार झाली होती. "अरे, हा कुठला राक्षस धरून आणलास? आणि मी एवढी रडूबाई?" थोरलीही हसली होती. म्हणाली, नाटक ते नाटक.

पण मग धाकटा आईला दर वेळी पहिल्या रांगेत बसवू लागला. पडदा पडायच्या आधी हाताला धरून वर न्यायचा आणि म्हणायचा, "ही ती." टाळ्या थांबत नसत. बायका येऊन तिचे हात धरायच्या. "किती सोसलंत हो!" सुरुवातीला आई म्हणायची, "छे गं, तसलं काही नव्हतं." पुढे नुसतं हसायला लागली. पुढे मान हलवायला लागली. थेंब थेंब पडून पाट्यालासुद्धा खळगा पडतो. आठवण तर ओल्या मातीची.

त्या संध्याकाळी थोरलीनं पडल्या पडल्या डोळे मिटून बाबांची गुणगुण आठवून पाहिली. आधी कानात जाडसर खोकला आला. मग मिशी आली, जाड, काळी. बाबांना मिशी नव्हतीच! मिशी आणि खोकला, दोन्ही नाटकातल्या नटाचं होतं. थोरली ताडकन उठून बसली. अंगाची लाही लाही झाली. चोर घर फोडून शिरला तर कळतं तरी. हा चोर आत बसून एकेक भांडं बदलत होता, आणि आता तिच्या फडताळापर्यंत येऊन पोचला होता. बाबा आता उरले होते ते फक्त तिच्यात. तिथूनही गेले, की संपलं.

सकाळी ती तालमीच्या खोलीवर जाऊन धडकली. बापाचं काम करणारा नट कोपऱ्यात डबा खात होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणत. तो अदबीनं उठला. "या ताई, बसा."

"तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही जेवा."

"ताई, तालीम चाललीय," धाकटा म्हणाला.

"चालू दे. आईला वाटतंय, बाबा तिला मारायचे. उजव्या हातानं, पाच बोटं पसरून."

धाकट्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं तो पुन्हा चढवला. "नाटक आहे गं ते. खरं आहे असं कोण म्हणतंय?"

"तू म्हणतोस. तिला वर नेऊन 'ही ती' म्हणतोस, ते काय असतं?"

"परवा एक बाई विंगेत येऊन रडली. म्हणाली, तुमचं नाटक पाहून मी मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडलं. ते वाईट झालं का?"

"चांगलं झालं. सोन्यासारखं झालं. मग तिचा नवरा घ्यायचास की! माझा बाप कशाला उचललास? तो काय भाड्यानं मिळत होता, खुर्च्यांसारखा?"

"चांगल्या बापावर दोन अंक चालत नाहीत, ताई."

"म्हणून त्याची मूठ उघडलीस?"

"तुम्हा दोघींकडे होता तो!" धाकटा एकदम ओरडला. "गाणं तुमचं, वेणी तुमची, गमती तुमच्या. माझ्याकडे काय होतं? भिंतीवरचा एक फोटो, तोही छातीपर्यंतच! हात दिसत नाहीत त्यात. मी बनवला माझा बाप. जसा जमला तसा."

थोरलीचा राग विझला नाही, त्याला फक्त धार आली.

"बरं. मग आता आम्हालाही बनवून दे. संध्याकाळी घरी ये. आईसमोर बाबांचं काम तू करायचंस. शिकवीन मी."

"मी नट नाहीये."

"ते दिसतंच आहे."

"मी येऊ का, ताई?" खर्ज चाचरत म्हणाला. "मला जमेल."

"तुम्ही आलात तर म्हातारी मार चुकवायला तोंडावर हात घेईल."

खर्जाचा घास हातातच राहिला. "मागच्या प्रयोगानंतर मी त्यांना पाणी द्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "तर त्या मागे सरकल्या, पार भिंतीपर्यंत. मला वाटलं, रंग धुतला नाही म्हणून ओळखलं नसेल."

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी धाकटा आला. थोरलीनं त्याचा उजवा हात रुमालानं आवळून मूठ बांधली. स्वतः स्टुलावर बसली आणि पिकले केस मोकळे सोडले. समोर खुर्चीत आई.

"मूठ मानेवर ठेव. दाब. आणखी. माझी मान आहे, फुलदाणी नाही. तिसरा पेड दातांत."

"केस तोंडात जातायत."

"त्यांच्याही जायचे. गुणगुण आता."

"दातांत धरून शब्द कसे येणार?"

"येत नव्हतेच. गुणगुण मुकाट्यानं."

आईनं सगळं शांतपणे पाहिलं, पहिल्या रांगेत बसल्यासारखं. शेवटी म्हणाली, "तुला नाही रे जमत. तो दुसरा किती खरं करतो."

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. "उद्या परत," ती म्हणाली.

रोज प्रयोग होऊ लागला. धाकटा कुरकुरायचा, आदळआपट करायचा, पण यायचा. त्यानं आईला रंगमंचावर न्यायचं बंद केलं. गाण्याचे जुने शब्दही नाटकात परत घातले. तिथे ते बसेनात, तो प्रवेशच लंगडा झाला. थोरली म्हणाली, लंगडू दे. इकडे स्टुलावर त्याला सांगायचं कमी कमी होत गेलं. बाबा डावा खांदा कसा उचलायचे, केसाला झटका बसला की स्वतःच 'आई गं' कसं म्हणायचे, हे तो विचारून घ्यायचा. आणि एका संध्याकाळी मानेवर ते गरम 'मं मं मं' असं आलं, की थोरलीचे डोळे आपोआप मिटले. आत मिशी नव्हती. गुळगुळीत हनुवटी होती, शाईचा वास होता.

तेवढ्यात आई खुर्चीतून उठली.

"अरे मेल्या, खाली सैल सोडतोयस. तेही असंच सोडायचे. शाळेत पोचेपर्यंत पोरीच्या झिंज्या व्हायच्या."

धाकट्याच्या दातांतून पेड सुटला.

"मी रागवायचे," आई हसत होती. "तर म्हणायचे, सरकार, एका हातानं एवढंच घट्ट होतं." तिनं रुमालातल्या मुठीवर आपला हात ठेवला, जुन्या ओळखीनं, अंगठ्यानं चोळत.

रुमालाची गाठ ढिली झाली होती. ती सावरायला धाकट्यानं हात वर घेतला. आईचा कोपर सटकन तोंडापुढे आला.

मग आईनं कोपर खाली घेतला, पदर सारखा केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "मारायचेही रे. वेणी घालायचे आणि मारायचेही. माणूस म्हटलं की दोन्ही आलंच."

धाकटा भिंतीला टेकला. "ताई," तो पुटपुटला, "आता नाही निघायचं ते तिच्या डोक्यातून."

थोरलीनं मांडीवरची फणी स्टुलाच्या कडेवर आपटली. एक दात तुटून कुठे तरी उडाला.

"रुमाल बांध," ती म्हणाली. "घट्ट. पहिल्यापासून."

आणि अर्धवट घातलेली वेणी तिनं स्वतःच्या हातानं ओढून सोडली.