गोडं घाला

अख्ख्या पेठेत मासा जिवंत राहील अशी खात्री फक्त मल्लव्वाच्या घराची. "आक्का, तुमच्यात अंडं सुदिक चालत न्हाय. पैलवान तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," असं म्हणून शेजारच्या केरबानं काचेची टाकी तिच्या कट्ट्यावर ठेवली आणि लेकीच्या बाळंतपणाला आजऱ्याला गेला. पैलवान म्हणजे एक तांबडा मासा, अंगानं गुलाबजामाएवढा. बायको गेल्यापासून केरबा रोज त्याच्याशीच बोलत जेवायचा.

आणि जेवायचा काय, तर दर रविवारी तळलेले मासे! वीस वर्षं मल्लव्वानं त्या वासापायी खिडकी आपटली होती, उदबत्त्या जाळल्या होत्या, केरबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता त्याचाच मासा तिच्या दारात डोळे वटारून बसला होता.

दोन-चार दिवसांत पैलवानाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. खाणं सोडून तो तळाशी पडून राहिला. मल्लव्वा घडोघडी टाकीत डोकावू लागली. हा मेला तर गल्ली म्हणणार, बाईनं वासाचा सूड मुक्या जिवावर काढला.

तिचा नवरा महालिंग भडंग खात म्हणाला, "मेला तर मेला. माशाच्या जातीनं केरबाच्या घरात म्हातारपण बघितलंय कधी?"

"गप बसा!" मल्लव्वा कडाडली.

दिवेलागणीला आजऱ्याहून केरबाचा फोन आला. तिनं ठिपक्यांचं सांगितलं. खरखरीतून एवढंच ऐकू आलं, "आक्का, पाणी बदला, गोडं घाला..." आणि लाइन कटली.

मल्लव्वा थक्क झाली. तिच्या माहेरी निपाणीकडं दिवा लागल्यावर मिठाला मीठ म्हणत नसत, गोड म्हणत. नाहीतर लक्ष्मी रुसते. केरबा मात्र भर सांजेला "मीठ" म्हणून बोंबलायचा आणि तिच्या शिव्या खायचा. शेवटी सुधारला म्हणायचा बाबा! पण माशाला मीठ? मीठ तर हा तळायच्या आधी लावतो! तरी मालकाचा शब्द. तिनं पाणी बदललं, मूठभर मीठ घातलं आणि रात्रभर देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पैलवान जरा हलला. आठवडाभरात ठिपके गेले आणि गडी टाकीत कोलांट्या मारायला लागला.

केरबा परतला, टाकीकडं बघून हरखला. "काय घातलंसा, आक्का?"

"तुम्हीच सांगितलासा की. गोड. मीठ!"

"आयला! मी म्हंटलं, तुमच्या बोअरचं मचूळ नको, गोडं पाणी घाला!" केरबा कट्ट्यावरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग टाकीला हात लावून म्हणाला, "हा गेला असता तर घरात बोलायचं कुणाशी, आक्का?"

मल्लव्वा आत गेली. तिनं चहा टाकला.

रविवारी तिनं सवयीनं खिडकी आपटायला हात घातला, तर वासच नाही. "का हो अण्णा, आज तवा थंड?"

"पैलवान टक लावून बघतोय. घास उतरंना."

ह्या माणसाला उपाशी ठेवायचं म्हणजे पापच. तिनं घाईघाईत झुणका केला आणि भाकरीबरोबर खिडकीतून दिला. बाहेर दिवे लागले होते. पहिला घास घेऊन केरबा खिडकीतून ओरडला,

"आक्का, झुणक्यात गोड घालायचं इसरलासा की!"