ठरावातलं कारण

"गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही हो. जिकडे बघावं तिकडे हिचेच पापड," चैतालीने शुभांगीच्या कानाशी लागून कुरकुर केली. ‘हिचेच’ म्हणताना मात्र आवाज इतका खाली आला, की वकीलबाईंचे कान टवकारले.

ब्याण्णव साली शुभांगीने वकिली सुरू केली ती इंदिरानगरातल्या सोसायट्यांच्या भांडणांवर. गळकी बाथरूम, जिन्यातल्या चपला, पार्किंग. पुढे दिंडोरीचे द्राक्षवाले पेट्यांवरच्या नावांचे तंटे घेऊन येऊ लागले, तेव्हा ट्रेडमार्कचा कायदाही तिने पचवला. द्राक्षवाले भांडणाचं कारण दारातच सांगून टाकत. सोसायटीवाले कधीच नाही. गळतीच्या एका तक्रारीचं मूळ तिला बारशाच्या न आलेल्या बोलावण्यात सापडलं होतं.

आज ‘औदुंबर’ सोसायटीने दोन्ही कायदे एकाच ताटात वाढले होते. तळमजल्यावरच्या लताबाई उडदाचे पापड ‘औदुंबर’ नावाने विकत. कमिटीला बैठकीत शुभांगीकडून ठराव लिहून हवा होता, नावही काढून घ्यायचं आणि गच्चीही बंद करायची. लताबाई दाराजवळच्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर पापडांवर चाललं होतं. गच्ची गेली की धंदा गेला.

"नाव सोसायटीचं आहे, मॅडम," चेअरमन जयरामभाऊ म्हणाले.

"सोसायटी पापड विकते?"

"छे."

"मग त्या नावाने पापड बाजारात पहिले यांनीच आणले. तिथे आपलं फारसं चालणार नाही. पापड कसे आहेत?"

"झकास," कोपऱ्यातून सावित्रीबाई म्हणाल्या. सोसायटीतल्या सगळ्यांत वयस्कर त्याच. "दोन वर्षं सगळ्यांच्या घरी तेच."

"दुकानातून आणायचो," जयरामभाऊ घाईने म्हणाले. "कोण करतं ते ठाऊक नव्हतं. लताबाई बहिणीकडे सातपूरला वाळवायच्या. यंदा इथल्या गच्चीवर आल्या, तेव्हा कळलं."

"आणि आता?"

"आता... बंद केले."

शुभांगीला नवल वाटलं. आपल्या इमारतीतल्या बाईचे पापड खपताहेत म्हटल्यावर लोक मिरवतात, वर स्वस्तात मागतात. इथे खाणंच बंद.

"गच्ची सगळ्यांची. वाळवण बंद तर सगळ्यांचंच बंद," ती म्हणाली.

"आणि आमचे नागलीचे पापड, कुरडया?" चैताली म्हणाली. "आम्ही सगळ्या मिळून करतो. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, पोळपाट-लाटणं घेऊन."

"लताबाई कोणाकडे जातात?"



"त्यांना कुठला वेळ, धंद्याची बाई," चैताली म्हणाली.

"मला कुणी हाक मारली नाही," लताबाई म्हणाल्या. "मारली असती तर आले असते."

जयरामभाऊंनी घसा साफ केला. "मॅडम, फक्त विक्रीचं वाळवण बंद, असं लिहा."

"मग चैताली, तुझ्या शेवया?" सावित्रीबाईंनी विचारलं. चैतालीच्या शेवया नवऱ्याच्या ऑफिसात किलोने जात.



"एकाच बाईला बंदी करायची तर ठरावात कारण लागतं," शुभांगीने पेनचं टोपण काढलं. "कोर्ट आधी तेच वाचतं. सांगा, काय लिहू?"

"कावळे येतात," कुणीतरी म्हणालं.

"तुमच्या कुरडयांवर येत नाहीत?"

"पापड न्यायला येणाऱ्या टेम्पोचा त्रास."

"टेम्पो फाटकाशी थांबतो. गच्चीवर चढत नाही."

"तसं नाही, म्हणजे... स्वच्छतेचं," जयरामभाऊ अडखळले.

"दोन वर्षांत कुणाचं पोट बिघडलं?"

सावित्रीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लताबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"लिही पोरी, मी सांगते. लता बौद्ध आहे, म्हणून आम्ही तिला कधी लाटायला बोलावलं नाही. तिच्या हातचं दोन वर्षं चवीनं खाल्लं, हे कळल्यापासून आम्हाला घास जात नाही. हेच कारण आहे, दुसरं नाही."