ती रेघ मी पाहिली होती

मी ऑसिलोस्कोप बोलतोय. दचकू नका, नाव अवजड असलं तरी काम साधं आहे. तारेतून वीज कशी उड्या मारत जाते, ते मी पडद्यावर रेघ काढून दाखवतो.

जन्म परदेशातला. बोटीतून येताना एक देवमासा आमच्या पेटाऱ्याला घासून गेला, तेव्हा त्याच्या काळजाचे ठोके मी पडद्यावर धरले होते. खोटं वाटतं? वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि तेच सांगताना जीभ अडखळते.

दोन हजार पाचचा सुमार असेल. महमूदनं मला जुन्या बाजारातून उचललं आणि भिवंडीत, कोन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानात आणलं. कापड विणायच्या लूमची इलेक्ट्रॉनिक कार्डं तो दुरुस्त करायचा. दुकान उघडलं की आधी माझा पडदा पुसायचा, मग स्वतःचा चष्मा. "हा आपला गवाह," गिऱ्हाइकांना सांगायचा. "माणूस झूठ बोलेल, हा नाही." ऐकून मी असा फुगायचो की माझे स्क्रू ढिले व्हायचे.

एका दुपारी कुबराआपा आल्या. हातात कार्ड, मागे त्यांच्या लूमवरचा कामगार नवशा. धागा तुटला की लूम थांबवायचा, एवढंच त्या कार्डाचं काम. पण धागा शाबूत असतानाही लूम मध्येच थांबत होता.

"कार्ड तर मागच्याच महिन्यात तू बनवून दिलंस, महमूद," आपा म्हणाल्या. "म्हणजे हाच बंद करून झोपा काढतो."

"आपा, लूम आपसूक थांबतो," नवशा म्हणाला. "उभ्या उभ्या झोपायला मी काय घोडा हाय?"

"घोडा परवडला. चारा खाऊन निदान धावतो तरी!" मग त्या महमूदकडे वळल्या. "नीट तपास. कार्ड खराब निघालं तर हा कामावर राहील. नाहीतर आजच हिशेब करून घरी."

दोघं बाहेर चहाला गेली.

एरवी माझ्या पडद्यावर रेघ येते आणि जाते. पण माझ्यात पर्सिस्टन्स नावाची सोय आहे. काढलेली रेघ किती वेळ ठेवायची ते तिथे ठरवायचं: क्षणभर, काही सेकंद, नाहीतर कायम. महमूदनं माझी तार कार्डाला जोडली आणि 'कायम' लावलं. आता नवी रेघ जुनीवर बसत जाणार, पुसलं काहीच जाणार नाही. हजारदा सरळ गेलेली रेघ एकदा जरी चुकली, तरी ती चूक तिथेच दिसत राहणार.

मी डोळ्यांत तेल घालून बसलो. बराच वेळ सरळ, सरळ, नुसती सरळ. आणि एकदम रेघ खाली कोसळून पुन्हा वर आली, पापणी लवायच्या आत. पण मी ती धरली! देवमाशाहून मोठी शिकार.

महमूदनं पेन्सिलीच्या टोकानं कार्डावरचं एक सोल्डर, म्हणजे झाळलेला जोड, दाबलं. रेघ पुन्हा कोसळली. सोडलं, सावरली. ते सोल्डर त्याच्याच हातचं होतं, मागच्या महिन्यातलं, कच्चं राहिलेलं. ते हललं की कार्डाला धागा तुटल्यासारखं वाटायचं आणि लूम थांबायचा.

पायरीवर चपला वाजल्या.

"काय निघालं?" आपांनी विचारलं.

मी जीव तोडून उजळलो होतो. बघा, ही बघा! महमूदचं बोट माझ्याकडे आलं. मला वाटलं, दाखवतोय. त्यानं बटण दाबलं. पडदा कोरा. मग पर्सिस्टन्सही बंद केलं.

"बघा आपा. रेघ सरळ. कार्ड ठणठणीत आहे."

नवशा वाकून माझ्याकडे बघू लागला. "महमूदभाई, अजून जरा थांबा ना. याला कायतरी दिसलं असंल."

"मशीन झूठ बोलत नाही रे," महमूद म्हणाला.

माझ्याच नावानं म्हणाला.

"जरा साफसूफ करून देतो," म्हणत त्यानं पाठ फिरवली आणि ते सोल्डर गुपचूप पक्कं केलं. नंतर तो लूम कधी अडला नाही. आपा मुद्दाम सांगायला आल्या, "बघितलंस? नवशा गेला आणि लूम थांबायचा थांबला!" महमूद हसला. हसावंच लागलं त्याला.

अजून तो रोज माझा पडदा पुसतो, पण मला गवाह म्हणत नाही. पर्सिस्टन्सला तर त्यानं पुन्हा हात लावला नाही. माझ्यावर रेघा येतात, जातात. मी काही धरत नाही.

नवशा वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर नारळ विकतो म्हणे. तिकडे गेलात तर त्याच्याकडून एक नारळ घ्या. आणि सांगा, देवमाशाची गोष्ट वाटल्यास सोडून द्या, पण एवढं सांगाच: तू झोपला नव्हतास, हे त्या मशीननं पाहिलं होतं.